एसीतून सोडलेला किलोभर गॅस : हवामानबदलाबाबत आपल्या हातात नेमके काय आहे?

धायरीकर

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या शेजारच्या कुटुंबाने घर बदलले. त्यांचा दीड टनाचा एसी काढायला एक तरुण कारागीर आला होता. त्याने गॅलरीतल्या बाहेरच्या युनिटचा पितळी नट पान्याने सैल केला आणि पुढची दोनतीन मिनिटे फुस्स असा आवाज सतत येत राहिला. मी चौकशी केली तेव्हा तो अगदी सहज म्हणाला, "काका, गॅस सोडतोय. नव्या घरी बसवताना पुन्हा भरून देऊ." युनिटच्या पाठीवरची पाटी मी वाचली. तिच्यावर आर-४१०ए हे गॅसचे नाव आणि त्याचे वजन छापलेले होते, ते एक किलोच्या जरा वर होते.

या गॅसचा एक किलो हवेत गेला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो सुमारे २०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवून ठेवतो. एका भारतीय माणसामागे वर्षभरात होणारे कार्बन डायऑक्साइडचे सरासरी उत्सर्जनही सुमारे दोन टनच आहे. म्हणजे एका माणसाचा वर्षभराचा वाटा त्या दोनतीन मिनिटांत, कोणाच्याही काही लक्षात न येता, गॅलरीतून निघून गेला. आणखी एक तुलना करून पाहिली. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्या हिशेबाने हा गॅस सोडणे म्हणजे नऊशे लिटर पेट्रोल जाळण्यासारखे आहे, आणि लिटरला पंचेचाळीस किलोमीटर चालणारी स्कूटर तेवढ्या पेट्रोलवर चाळीस हजार किलोमीटर धावेल.

तेव्हापासून माझ्या मनात एक विचार पक्का झाला आहे आणि त्यासाठीच हा धागा काढत आहे. "सामान्य माणूस काय करू शकतो" या प्रश्नावर आपण प्लास्टिकची पिशवी, मोबाइलचा चार्जर, एखादे रोप अशी उत्तरे देतो. ती चुकीची नाहीत, पण कोणत्या गोष्टीचे वजन किती हे न मोजता आपण सगळ्यांना एकाच तराजूत घालतो, आणि मग पाच किलोच्या बचतीसाठी वर्षभर झटणाऱ्याच्या घरून दोन हजार किलो एका दुपारी निघून जातात. आपापल्या घरात, सोसायटीत किंवा शेतात जे प्रत्यक्ष करून पाहिले, ते आकड्यांसह आणि अडचणींसह लिहावे, अशी सर्वांना विनंती आहे.

तर्कसंगत

धायरीकर, विषय महत्त्वाचा आहे, तरीही माझी मूळ शंका मांडतो. भारतीय माणसामागे दोन टन, तर अमेरिकेत माणसामागे सुमारे चौदा टन. जगातल्या सर्वांत श्रीमंत दहा टक्के लोकांच्या वाट्याला एकूण उत्सर्जनापैकी जवळपास निम्मे येते. आपल्या देशातली सुमारे सत्तर टक्के वीज आजही कोळशातून येते, आणि चंद्रपूरचे किंवा कोराडीचे केंद्र कसे चालवायचे हे ठरवताना मला कोणी विचारत नाही. "तुमचा वैयक्तिक कार्बन ठसा मोजा" ही कल्पना लोकांपर्यंत नेण्यात २००४ च्या सुमारास ब्रिटिश पेट्रोलियम या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता, हेही विसरून चालणार नाही. तेल विकणाऱ्याने विकत घेणाऱ्याला अपराधी वाटायला लावायचे आणि आपण त्या भावनेला चळवळ समजायचे, हे मला पटत नाही.

धायरीकर

आपले आकडे बरोबर आहेत आणि अपराधीपणाबद्दल आपण जे म्हणता त्याच्याशी मी सहमत आहे. आठशे रुपयांचे वीजबिल भरणाऱ्या घराला मी काहीही सांगू इच्छित नाही. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. कोराडीचा निर्णय माझ्या हातात नाही, पण काही निर्णय असे असतात की तिथे माझे एक मत खरोखर मोजले जाते. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ही त्यातली पहिली जागा. ग्रामसभा, कार्यालयातली खरेदी समिती, शाळेची पालक सभा याही तशाच जागा आहेत. एकट्या माणसाचे खरे बळ त्याच्या स्वयंपाकघरापेक्षा अशा ठिकाणी अधिक असते, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे.

आमच्या सोसायटीत छप्पन्न घरे आहेत. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे यांचे बिल दर महिन्याला सभेत वादाचा विषय व्हायचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना जाहीर झाली, गच्चीवर सौर पॅनेल बसवायला अनुदान देणारी. तिच्यात स्वतंत्र घराला तीन किलोवॉटपर्यंत ७८,००० रुपये अनुदान आहे हे बहुतेकांना ठाऊक असते, पण गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापरासाठीही किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, हे आमच्या समितीतल्या कोणालाच माहीत नव्हते. मी तो शासकीय कागद छापून सभेत नेला. आमच्या गच्चीसाठी विचारात असलेल्या वीस किलोवॉटला ३,६०,००० रुपये अनुदान होते हे ऐकल्यावर चर्चेचा सूर बदलला.

विरोध मात्र झाला, आणि तो मुळीच निरर्थक नव्हता. वरच्या मजल्यावरच्या चार कुटुंबांना गच्चीची गळती वाढेल अशी भीती होती. किलोवॉटमागे साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावलीविरहित जागा लागते, म्हणजे आमची जवळपास दोन हजार चौरस फूट गच्ची व्यापली जाणार होती. पापड, कुरडया, गाद्या वाळवायला जागा राहणार का, असा एका आजींचा प्रश्न होता. आम्ही तीन गोष्टी लेखी ठरवल्या. आधी गच्चीचे वॉटरप्रूफिंग करायचे, स्लॅबला भोक न पाडता सिमेंटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा करायचा, आणि पूर्वेकडचा तुकडा वाळवणासाठी मोकळा ठेवायचा. सांगाडा माणसाच्या उंचीपेक्षा वर घेतल्यामुळे आता त्याखालीही वावरता येते.

आपल्याकडे एक किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते, पावसाळ्यात बरीच कमी आणि मार्च-एप्रिलमध्ये अधिक. म्हणजे आमच्या वीस किलोवॉटमधून वर्षाला सुमारे एकोणतीस हजार युनिट. आपल्या विजेच्या जाळ्यातल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे वर्षाला वीस टनांच्या आसपास बचत झाली. ही दहा भारतीयांच्या वर्षभराच्या वाट्याइतकी आहे. तिच्यासाठी मला वर्षभर सभांना हजर राहावे लागले आणि बऱ्याच जिन्यांची चढउतार करावी लागली, आणि छप्पन्न घरांपैकी एकालाही आपली राहणी बदलावी लागली नाही.

नाशिकचा मिस्त्री

मी सोळा वर्षे एसी आणि फ्रिजच्या दुरुस्तीचे काम करतो. धायरीकर काकांनी सांगितलेला प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे, आणि कामाला लागलो त्या काळात मी स्वतःही असाच गॅस सोडत असे, कारण ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनी तसेच शिकवले होते.

एसी काढण्याआधी गॅस बाहेरच्या युनिटमध्ये साठवून घेता येतो. या कामाला आम्ही पंप डाउन म्हणतो. एसी थंडाव्यावर चालू ठेवायचा, बाहेरच्या युनिटला जोडलेल्या दोन तांब्याच्या नळ्यांपैकी बारीक नळीचा व्हॉल्व्ह ॲलन कीने (षटकोनी टोकाच्या चावीने) बंद करायचा, गेजवरचा, म्हणजे दाब मोजण्याच्या तबकडीवरचा, दाब शून्याच्या जवळ येईपर्यंत थांबायचे, मग जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि लगेच एसी बंद करायचा. सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये बंदिस्त होतो आणि नव्या जागी तोच वापरता येतो. कंप्रेसर चालू स्थितीत असेल, तर याला पाचदहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

मग कारागीर हे का करत नाहीत? त्यामागे एकटा आळस नाही. उन्हाळ्यात मुलांना नगावर पैसे मिळतात आणि दिवसाला आठदहा घरे करायची असतात. अनेकांकडे स्वतःचा गेज नसतो. शिवाय नव्या घरी गॅस भरण्याचे वेगळे पैसे लावता येतात, हेही खरे आहे आणि ते मी लपवणार नाही. त्यामुळे ग्राहकाने एसी काढायला बोलावतानाच फोनवर सांगावे, "पंप डाउन करून काढायचा आहे, गेज घेऊन या." एवढ्या एका वाक्याने समोरच्याला कळते की या माणसाला काम समजते.

दुसरी गोष्ट मला याहूनही महत्त्वाची वाटते. "दर उन्हाळ्यात गॅस भरून घ्यावा लागतो" असे पुष्कळ लोक मानतात. एसीमधला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो आणि सुस्थितीतला एसी मूळ गॅसवर कित्येक वर्षे चालतो. गॅस कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, बहुतेक वेळा नळीच्या टोकाच्या नटाशी किंवा आतल्या कॉइलमध्ये. गळती न शोधता वरून भरलेला गॅस पुढच्या वर्षभरात हवेतच जातो. नळीत नायट्रोजनचा दाब भरून, सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे कुठे येतात ते पाहायला सांगा. त्याचे चारपाचशे रुपये जास्त द्यावे लागले तरी द्या.

उंबरठा

मिस्त्रीदादा, तुमचा प्रतिसाद मी जपून ठेवला आहे. मी ठाण्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. गच्ची माझी नाही आणि सोसायटीच्या सभेत भाडेकरूला मत नाही, त्यामुळे धायरीकरांचा मार्ग मला बंद आहे. मला जे शक्य होते ते लिहिते.

घरातले तीन जुने पंखे बदलून बीएलडीसी पंखे (कमी वीज घेणाऱ्या ब्रशविरहित मोटरचे) घेतले. जुना पंखा साधारण पंचाहत्तर वॉट घेतो, नवा तीस-पस्तीस. दिवसाला बारा तास आणि वर्षातले आठ महिने धरले, तर एका पंख्यामागे शंभराहून थोडे अधिक युनिट वाचतात, म्हणजे सत्तर-ऐंशी किलो कार्बन डायऑक्साइड. घर सोडताना हे पंखे मी बरोबर नेणार आहे, म्हणून भाडेकरूलाही ते परवडतात. एसी आम्ही २६ वर ठेवतो आणि वर पंखा संथ लावतो. तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगते, आणि जानेवारी २०२० पासून नवे एसी मुळातच २४ वर सुरू होतात. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून वाळ्याचा पडदा लावला. आतून लावलेल्या पडद्यापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी अधिक होतो, कारण ऊन काचेच्या आत येण्याआधीच अडते.

एका बाबतीत मात्र माझा अंदाज चुकला होता. गॅस शेगडी सोडून इंडक्शन घेतले की आपण निसर्गावर उपकार केले, असे मला वाटत होते. हिशेब केला तेव्हा वेगळेच दिसले. १४.२ किलोचा सिलिंडर जळला की सुमारे बेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करायला साधारण एकशेवीस युनिट लागतात आणि आजच्या कोळशाच्या विजेवर त्याचे ऐंशी किलोहून अधिक होतात. गच्चीवर सौर पॅनेल असलेल्या घराला इंडक्शन उत्तम आहे, मला आज नाही. म्हणून मी गॅसवरच कुकर लावते, डाळ आणि कडधान्ये रात्रभर भिजवते, पातेल्यावर झाकण ठेवते. आजी हेच करायची, तिला रॉकेल पुरवून वापरायचे होते.

वारणाकाठ

धाग्यात बहुतेक शहरातले बोलत आहेत, म्हणून शेतातले लिहितो. आमच्या भागात ऊस तुटून गेला की पाचट, म्हणजे रानात उरलेला वाळका पाला, पेटवायची पद्धत आहे. एका हेक्टरमधून आठ ते दहा टन पाचट निघते. संध्याकाळी काडी लावली की अर्ध्या तासात रान काळे होते, खोडव्याची (बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाची) मशागत सोपी जाते, आणि पुढचे चार दिवस गावातली लहान मुले आणि म्हातारी माणसे खोकत असतात.

जळताना निघालेला कार्बन डायऑक्साइड उसाने त्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो, त्यामुळे तोट्याचा हिशेब तिथे मांडू नये. खरे नुकसान इतरत्र होते. अर्धवट जळताना मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि काजळी बाहेर पडते, आणि जमिनीत मुरू शकला असता तो सेंद्रिय कर्ब कायमचा जातो. मग तीच कसर भरून काढायला आपण युरिया वाढवतो, आणि जादा युरियातून पुन्हा नायट्रस ऑक्साइड निघतो. हा वायू वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता अडवतो.

मी पाच हंगामांपासून पाचट जाळलेले नाही. ऊस तुटल्यावर बुडखे जमिनीलगत छाटून घेतो, पाचट सरीत दाबतो, आणि टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी देतो. पहिल्या वर्षी वडिलांना हे अजिबात मान्य नव्हते. उंदीर वाढतील, फूट कमी होईल, पाणी सरीतून पुढे सरकणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पाण्याबद्दल ते बरोबर होते. पहिली दोन पाणी अडखळत गेली आणि रात्री विजेरी घेऊन सरीतून पाचट बाजूला करत फिरावे लागले. पण एप्रिलमध्ये शेजारच्या उघड्या रानाला भेगा पडल्या तेव्हा माझ्या पाचटाखालची माती हातात घेतली तर ओली होती, आणि तिच्यात गांडुळे होती. त्या दिवशी वडिलांनी ती माती बराच वेळ मुठीत धरून ठेवली. पुढच्या वर्षी त्यांनीच बुडखे छाटायला कोयता काढला.

खरी अडचण एकट्याने करण्यात आहे. माझ्या पाचटाने भरलेल्या रानाला शेजारच्या बांधावरून ठिणगी आली की सगळे जाते, आणि एकदा अर्धा एकर गेलेही. त्यामुळे आता आमच्या पाणंदीवरचे अकरा शेतकरी एकत्र ठरवून पेटवायचे थांबले आहेत. कुट्टी यंत्र भाड्याने घेतो ते सगळ्यांच्या रानातून एकामागोमाग फिरते, त्यामुळे तेही परवडते.

न्यूजर्सीवासी

तर्कसंगत यांनी मांडलेल्या चौदा टनांच्या आकड्यात मी राहतो, म्हणून उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. इथे घर तापवण्याचा गॅस, मोटार आणि विमान या तीनच गोष्टी माझ्या हिशेबात मोठ्या निघाल्या. नेवार्कहून मुंबईला जाऊन येण्यात एका प्रवाशामागे दोन टनांहून अधिक उत्सर्जन होते. आईवडील तिकडे असताना "येऊ नका" असे सांगणारा हिशेब मी मानणार नाही. आम्ही दरवर्षी दहा दिवसांसाठी येत होतो, त्याऐवजी आता एक वर्षाआड येतो आणि सहा आठवडे राहतो. तिथून चार आठवडे काम करण्याची मुभा कार्यालयाकडून मागून घेतली. आईला हा बदल अधिक आवडला आहे.

तर्कसंगत

सर्व प्रतिसाद वाचले. माझी शंका पूर्ण फिटलेली नाही, पण तिचे टोक बदलले आहे. अकरा शेतकऱ्यांची पाणंद आणि छप्पन्न घरांची गच्ची यांना मी "वैयक्तिक" म्हणणार नाही, त्यामुळे धायरीकरांशी माझा वाद होता तो बहुधा शब्दाचा होता. मिस्त्रींना एक नेमका प्रश्न आहे. माझ्याकडे २०११ चा आर-२२ गॅसचा एसी बंद पडून आहे. कंप्रेसर जळला आहे, म्हणजे पंप डाउन होणार नाही. भंगारवाला पंधराशे रुपये द्यायला तयार आहे. काय करावे?

नाशिकचा मिस्त्री

तर्कसंगत साहेब, भंगारवाल्याला देऊ नका. तो तांब्यासाठी नळ्या कापतो आणि गॅस तिथेच जातो. आर-२२ चा एक किलो म्हणजे सुमारे अठराशे किलो कार्बन डायऑक्साइड, शिवाय तो ओझोनच्या थरालाही घातक आहे, म्हणून २०३० पर्यंत तो आपल्याकडे टप्प्याटप्प्याने बंद होत आहे.

कंप्रेसर जळलेला असेल तर गॅस काढायला रिकव्हरी यंत्र आणि रिकामा सिलिंडर लागतो. मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनाची कामे करणाऱ्यांकडे ते सहसा असते, त्यामुळे घरगुती मेकॅनिकऐवजी त्यांच्याकडे चौकशी करा. यंत्र मिळालेच नाही, तर नळी सोडण्याआधी बाहेरच्या युनिटचे दोन्ही व्हॉल्व्ह घट्ट बंद करून घ्या. आतल्या युनिटमधला आणि नळ्यांमधला गॅस जाईल, पण बाहेरच्या युनिटमधला तिथेच बंद राहील. मग ते युनिट न उघडता अधिकृत ई-कचरा पुनर्प्रक्रिया केंद्राला द्या. एसी ई-कचऱ्याच्या नियमांत येतो आणि त्या केंद्राकडून पावती मागून घ्या. पंधराशेऐवजी कदाचित पाचशेच मिळतील. व्हॉल्व्ह बंद केल्यावर त्यांच्यावरची पितळी टोपणे पुन्हा घट्ट बसवायला विसरू नका, कारण जुन्या व्हॉल्व्हची गळती बहुतेक तिथूनच होते.

धायरीकर

मिस्त्री, आपली ही दोन्ही उत्तरे मी कागदावर उतरवून आमच्या समितीला दिली. एसी काढायला किंवा बसवायला येणाऱ्या प्रत्येकाने गेज दाखवल्याशिवाय वर जाऊ नये, अशी सूचना फाटकावर लावायचे ठरले आहे. सुरक्षारक्षकाला गेज कसा दिसतो हे कळावे म्हणून सूचनेशेजारी त्याचे छायाचित्रही लावायचे आहे. आपल्याकडच्या गेजचे एक स्पष्ट छायाचित्र इथे टाकाल का?